भावाच्या नावची पाव मूठ

आमचं गाव लढाईनंतर परत बसलं ते एकही डोकं न फुटता, असं आमच्याकडे अजून मोठ्या तोंडाने सांगतात. लग्नात, दहाव्याला, कुठेही चार म्हातारे एकत्र बसले की कुणीतरी हा विषय काढतोच. काठी उचलली नाही कुणी, शिवी दिली नाही कुणी. बाकीचे माना हलवतात. मी तिथे असले तर उठून जाते. लोक म्हणतात, म्हातारी तिरसट आहे. आहेच. पण कशाने तिरसट झाली हे कुणी विचारत नाही, कारण विचारलं तर ती शांतता कुणाच्या जिवावर झाली हेही ऐकून घ्यावं लागेल. म्हणून न विचारताच सांगते.

नंदुरबारहून खांडबाऱ्याकडे रेल्वे जाते, त्या रुळांपासून जवळच आमचं गाव. एका अंगाला कापसाची वावरं, दुसऱ्या अंगाला टेकड्या आणि सागाचं जंगल. त्या टेकड्याच आम्हाला नडल्या. लढाई ब्रह्मदेशापर्यंत आली तेव्हा सरकारला शिपायांना जंगलातली लढाई शिकवायची होती. त्यासाठी जंगल पाहिजे, उतरायला स्टेशन पाहिजे आणि राहायला घरं पाहिजेत. आमच्याकडे तिन्ही होतं. एका सकाळी तलाठी, फौजदार आणि एक गोरा साहेब आले. साहेब घोड्यावरून उतरलासुद्धा नाही. गाव सरकारने लढाईपुरतं ताब्यात घेतलं आहे, लढाई संपली की परत मिळेल, असं फौजदाराने दवंडीवाल्याच्या आवाजात सांगितलं. गाडीत मावेल तेवढं घ्या आणि नातेवाइकांकडे जा. बस, एवढंच. आईने गाडीत धान्य भरलं, अंथरुणं भरली, आणि जातं चढवायला गेली तर वडील म्हणाले, बैलांना ओझं होईल. जातं राहिलं, पितळी हंडा राहिला, दळायची टोपली राहिली. आम्ही तापीकाठी मामांच्या गावी गेलो.

गावातलं एकच घर राहिलं. वडिलांचा चुलतभाऊ, आमचा धाकटा काका. त्याने छावणीला दूध आणि गवत पुरवायचा मक्ता घेतला. त्याचं स्वतःचं घर दोन खणांचं, गळकं. आमचं घर गावात सगळ्यांत मोठं, आणि भाऊबंदांची कुळदेवी कानबाई आमच्याच देवघरात. तेव्हा तो आमच्या घरात राहायला आला. घर राखतो, असं म्हणाला. माझ्या वडिलांनी त्याचे आभार मानले. वडील असेच होते. कुणी पायावर पाय दिला तर आपलाच पाय मध्ये आला म्हणून माफी मागणारे. लोक त्यांना देवमाणूस म्हणायचे. मी लहानपणी अभिमानाने ऐकायची.

मामांच्या घरी आमचं बरं चाललं होतं असं म्हणता येणार नाही. मामा वाईट नव्हते, पण पाहुणा किती दिवसांचा असतो याला काही हिशेब असतो. माझा भाऊ तेव्हा मिसरूड फुटलेला, अंगाने दणकट आणि स्वभावाने आईवर गेलेला. मामींनी भाकरी वाढताना हात आखडला की तो पानावरून उठायचा. दुसऱ्या वर्षी काका सायकलवरून आला. नवी कोरी सायकल, अंगात खाकी कोट. आसामकडे डोंगरांत रस्त्यांचं काम निघालं आहे, म्हणाला. शिपाईगिरी नाही, कंत्राटदाराची मजुरांची टोळी आहे, दोन वेळचं पोटभर जेवण आहे. छावणीतल्या साहेबाला माणसं हवी होती आणि काकाने माणसं देण्याचा शब्द दिला होता, हे आम्हाला मागाहून कळलं. आई नको म्हणाली. भाऊ जायला निघालेलाच होता. काका चुलीपाशी उकिडवा बसून आईला म्हणाला, “मन्हा जिम्मा, वहिनी. दिवाईले घर राही तो.”

दिवाळी आली आणि गेली. एकदा कुणाच्या तरी तोंडी निरोप आला की तो बरा आहे, तिकडे पाऊस फार आहे. त्यानंतर काही नाही. आई वडिलांना रोज विचारायची, काकाला निरोप धाडा, त्याला साहेबाकडून कळेल. वडील म्हणायचे, कळेल, कळेल, लढाई चालू आहे. लढाई संपली तरी ते तेच म्हणत राहिले, फक्त लढाई चालू आहे एवढं वगळून.

गाव परत मिळालं तो दिवस मला नीट आठवतो, कारण मी इतकी खोटं हसणारी माणसं एका जागी पुन्हा पाहिली नाहीत. पारापाशी मांडव घातला होता. झाडांच्या बुंध्यांना छावणीवाल्यांनी चुना फासून ठेवला होता, घरांच्या दारांवर डांबराने आकडे घातले होते. निम्म्या घरांच्या छपराच्या सऱ्या आणि दारं चुलीत गेली होती. मामलेदारांनी भाषण केलं. तुम्ही लढाईसाठी घरं दिलीत, म्हणाले. जणू आमच्याकडे कुणी मागितली होती. मग सगळ्या भाऊबंदांत वयाने मोठे असलेले आमचे थोरले आजोबा उठले आणि काकाच्या गळ्यात हार घातला. का, तर त्याने गाव राखलं म्हणून. मी आईकडे पाहिलं. तिने पदर पुढे ओढून घेतला होता.

गावाच्या कडेची भिल्लांची वस्ती, भिलाटी, मात्र परत बसली नाही. तिथल्या झोपड्या छावणीने पहिल्याच आठवड्यात उपटून खेचरं बांधायला जागा केली होती. ती माणसं मांडवाबाहेर उन्हात उभी होती. तुमची घरं दप्तरी नव्हतीच, असं त्यांना सांगण्यात आलं. ती थोडा वेळ थांबली आणि आली तशी टेकड्यांकडे निघून गेली. तिथेही कुणी काठी उचलली नाही, हे खरं आहे. उचलणाऱ्याला ती कुठे पडली असती हे ठाऊक होतं.

आम्ही आपापल्या घरी गेलो आणि खरी गंमत सुरू झाली. छावणी उठायच्या आधी गावात कोण कोण येऊन गेलं होतं देव जाणे, पण ज्याचं भांडं त्याच्या घरात नव्हतं. एकाचा पाळणा दुसऱ्याकडे, दुसऱ्याचा नांगर तिसऱ्याकडे. बायका आपापली भांडी ओळखत होत्या. पहिल्या दोन दिवसांत चार घरांसमोर आवाज चढले, तेव्हा पंच पारावर बसले. थोरल्या आजोबांनी निवाडा दिला, “ज्या घरमा जे शे, ते त्या घरनं. कोनी कोना घरमा दखानं नही.” मग सगळ्यांनी एकमेकांच्या हातून पाणी घेतलं आणि मिटलं. किती सोपं! ज्याने जास्त उचललं होतं तो सगळ्यांत आधी पाणी प्यायला. आमचा हंडा शेजारणीकडे निघाला. ती रोज तोच हंडा डोक्यावर घेऊन आमच्या दारावरून जायची आणि आईला हाक मारायची, “माय, पानीले येस का?” आई मातीची घागर घेऊन तिच्याबरोबर जायची. मी चरफडायची. आई म्हणायची, “हंडाच तो. फुटना असता तं?” तिचा जीव हंड्यात नव्हता. ती फक्त काकाची वाट पाहत होती, त्याने काहीतरी सांगावं म्हणून.

काका मात्र आमच्या दारी आला की वडिलांशी अंगणातच बोलायचा. घर त्याने खुशीने सोडलं, जातंही जागेवर होतं, देवघरातला कानबाईचा नारळही. चैत्रात एकदा तो आला आणि दोघं विहिरीकडे गेले. परतल्यावर वडील जेवले नाहीत. पोट बरं नाही म्हणाले.

श्रावण लागला. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. खानदेशात ज्याच्या घरात कानबाई आहे त्याला हे सांगायला नको, पण इतरांना सांगायला हवं. कानबाईचे रोट, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्या, हे काही गावजेवण नव्हे. एका कुळाच्या भाऊबंदांनीच ते खायचे. दुसऱ्या कुळातल्याला घासभरही द्यायचा नाही, लग्न होऊन गेलेल्या लेकीलाही नाही. उरलेलं ठेवायचं नाही, टाकायचं नाही. हात धुतलेलं पाणीसुद्धा अंगणातल्या खड्ड्यात जिरवायचं. भाऊबंदांत कितीही वाकडं असलं तरी रोटाला एका पंगतीला बसावं लागतं, नाहीतर ते कूळ फुटलं असं समजतात. आणि रोटाचे गहू मोजायचे ते माणसांवर. कुळातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ. काल जन्मलेलं पोर असो की अंथरुणावरचा म्हातारा, नाव घ्यायचं आणि सव्वा मूठ टोपलीत टाकायची.

माणूस परगावी असला तरी त्याची मूठ पडते. त्याच्या वाटचा रोट भाऊबंदांपैकी कुणीही खाल्ला तरी चालतो, माणूस हयात आहे एवढंच पुरे. मेलेल्याच्या नावाचा रोट मात्र कुणी तोंडाला लावत नाही. लावला तर खाणाऱ्याच्या घरातलं माणूस जातं, असं आमच्यात पक्कं मानतात. हे मी शिकलेल्या माणसांना सांगितलं की ती हसतात. हसा. त्या पंगतीत कुणी हसत नव्हतं.

गावात परत आल्यानंतरची ती पहिली कानबाई. गाव बसलं ते बसलं, आता कूळही एका पंगतीला बसणार म्हणून सगळ्यांना उमाळे आले होते. माझं लग्न ठरलं होतं, म्हणजे माहेरचे रोट खायची माझी ती शेवटचीच खेप. शनिवारी सकाळी सगळे भाऊबंद आमच्या ओसरीवर जमले. मुठी भरायचा मान ज्या घरात कानबाई असते त्या घरच्या सुवासिनीचा, म्हणजे आईचा. थोरले आजोबा एकेक नाव घेत होते आणि आई गव्हाच्या राशीतून मूठ भरून टोपलीत टाकत होती, वर पावभर मूठ आणखी. आजोबांचं नाव झालं, वडिलांचं झालं, काकाचं झालं, काकाच्या पोरांचं झालं. शेवटी एका तान्ह्याचं नाव झालं आणि आजोबांनी टोपलीला हात जोडले.

आईची मूठ राशीतच होती, माझ्या भावाचं नाव आलंच नव्हतं. सासऱ्याच्या नात्याच्या माणसाशी ती बोलत नसे, म्हणून ती काकाकडे वळली. “मन्हा आंडोर राह्यना.”

काका म्हणाला, “वहिनी, आते ऱ्हाऊ दे. पुढला सालले दखू.”

“काबरं? तो काय मरी गया का?”

हे तिने वाईट बोलायचं म्हणून नाही, विचारायचं म्हणून विचारलं. उत्तर देणारी एवढी माणसं समोर बसली होती. काकाने खांद्यावरच्या उपरण्याची गाठ सोडली आणि परत बांधली. दुसऱ्या एका चुलत्याने खोकून घेतलं. वडील जमिनीकडे बघत होते. मला वाटलं, नेहमीसारखे भिऊन गप्प आहेत, आणि मला त्यांचा संताप आला. मग आईच म्हणाली, तो मेला असेल तर तसं कानबाईसमोर सांगा, मी मूठ सोडते. नसेल तर नाव घ्या.

शांततेचा धंदा करणाऱ्यांचं एक असतं. ते खरं बोलत नाहीत आणि खोटंही बोलत नाहीत, ते मधला मार्ग काढतात. थोरले आजोबा म्हणाले, “मूठ मानूसनी ऱ्हास, पाव कानबाईनी. त्याना नावनी पाव टाका. मूठ नको.” सगळ्यांनी सुटल्यासारखा श्वास सोडला. वा, काय निवाडा! माझा भाऊ पावभर जिवंत. एवढं बोलून ते चहा मागायला मोकळे झाले. मी तिथल्या तिथे टोपली उलटी केली असती. आईने माझ्याकडे नुसतं पाहिलं, आणि पाव मूठ गहू हातात घेतले. पण ते तिने टोपलीत टाकले नाहीत. पदराच्या टोकाला गाठ मारली. पुरुषांच्या ते लक्षात आलं नाही. स्वयंपाकाच्या कामात बायका काय करतात याकडे ते कधी बघतात?

रविवारी कानबाई बसली. बायकांनी गाणी म्हटली, फुगड्या घातल्या. आईने टोपलीतले गहू दळले, आणि सगळ्यांत शेवटी, जातं पुसून घेऊन, पदरातले. सोमवारी कानबाई नदीवर बोळवून आलो आणि रोट लागले. मी खीर ढवळत होते, गंगाफळाची भाजी करत होते. आई तव्याशी. मोठाले जाड रोट झाल्यावर तिने पुरीएवढा एक छोटा रोट थापला, तो दोन्हीकडून नीट भाजला आणि वेगळ्या ताटलीत ठेवला.

पुरुषांची पंगत बसली. काका चांगला जेवला. त्याची भूक नेहमीच चांगली होती, खीर दोनदा मागून घेतली. थोरले आजोबा जेवता जेवता सांगत होते, बाकीच्या गावांत परत येताना कसे मुडदे पडले आणि आपण कसं सगळं गोडीने केलं. पानं संपत आली तेव्हा आई ती ताटली घेऊन बाहेर आली आणि काकासमोर ठेवली.

“भाऊ, तूच लई गया व्हता त्याले. त्याना वाटा तूच खाय.”

पुरीएवढा तर होता, दोन घासांत संपला असता. काकाने हात मागे घेतला. “पोट भरनं, वहिनी.”

आईने ताटली उचलली आणि त्याच्या शेजारच्याकडे सरकवली. त्याचंही पोट भरलं होतं. त्याच्या पुढच्याचा दात दुखत होता. त्याच्या पुढचा नुसता मान हलवत राहिला. थोरल्या आजोबांनी ताटली येताना पाहिली आणि ती पोचायच्या आधीच पानावर पाणी फिरवून उठायला लागले. आई भराभर चालत नव्हती. एकेकासमोर थांबत होती, त्याचं तोंड बघत होती, मग पुढे सरकत होती. मी दारात पळी घेऊन उभी होते आणि मला पहिल्यांदा समजलं की ती वाटा वाढत नाहीये, विचारते आहे. आणि ते सगळे तिला उत्तर देत होते.

पंगतीच्या शेवटी वडील होते. घरचा यजमान शेवटी बसतो. आईने ताटली त्यांच्यासमोर ठेवली आणि तीही खाली बसली. मला वाटलं, निदान हे खातील. यांना कुठलं ठाऊक असणार. वडिलांनी ताटलीला हात लावला नाही. त्यांच्या दाढीवरून पाणी ओघळत होतं.

“तुम्हले बी माहीत व्हतं?” आईने विचारलं.

“चैतपासून,” वडील म्हणाले. टोळीतला एक जण परत आला होता, त्याने काकाला सांगितलं होतं. दरड कोसळली, भाऊ खाली सापडला, तिथेच पुरला. काकाने आधी पंचांना सांगितलं, मग विहिरीवर वडिलांना. “गाव बसी जाऊ दे, मंग सांगू, असं ठरनं व्हतं.”

ठरलं होतं. माझ्या आईचा मुलगा मेला हे तिला कधी सांगायचं ते पारावर ठरलं होतं, जिथे मामलेदारांचं भाषण आणि हंड्याचा निवाडा झाला तिथेच बसून. सांगितलं तर ती काकाच्या घरावर दगड घेऊन जाईल आणि गावाची शोभा जाईल, ही त्यांची भीती. चैत्र ते श्रावण ती रोज संध्याकाळी स्टेशनच्या वाटेकडे तोंड करून भाकरी भाजत होती आणि हे सगळे पुरुष तिच्या हातचं पाणी पीत होते. मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, पण काका चपला न घालता अंगणात उतरला एवढं आठवतं. आमच्या बायकांपैकी कुणीतरी माझं तोंड दाबून धरलं. रोटाच्या दिवशी घरात भांडण नको, असं ती माझ्या कानात सांगत होती.

आई ओरडली नाही, रडलीही नाही. तिने ताटली स्वतःकडे ओढली आणि तो रोट मोडला. वडिलांनी तिचा हात धरला, “खाऊ नको, माणूस जास,” असं ते पुटपुटले, आणि उभे असलेले सगळे जागच्या जागी थबकले, कारण असं कधी कुणी केलं नव्हतं.

तिने हात सोडवून घेतला. “मन्हा घरनं माणूस तं गयंच शे,” ती म्हणाली. “आते आखो कोन जाई?” आणि तिने तो सगळा रोट शांतपणे चावून खाल्ला.